"टीचर, आमची न्हंय अशी निळी कित्याक ना?"

फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत सराव पाठ घेणाऱ्या डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या) विद्यार्थिनीने विचारले आहे : "'वर्गातील तंत्रज्ञानाचा वापर : माझे विचार' असे टिपण मला द्यायचे आहे. तिसरीला 'पाणी' हा पाठ घेताना मी रात्र जागून चाळीस स्लाइड केल्या, प्रोजेक्टर मागून आणला. मुले गप्प बसून बघत होती. मला वाटले पाठ रंगला. दुसऱ्या दिवशी विचारले तर कोणाला काही सांगता येईना. पाठ चालू असताना खांडेपार नदीच्या काठी राहणाऱ्या एका मुलाने विचारले होते, 'टीचर, आमची न्हंय अशी निळी कित्याक ना?' (आमची नदी अशी निळी का नाही?) पण चौदा स्लाइड उरल्या होत्या, मी पुढे गेले. तंत्रज्ञान किती आणि कसे वापरायचे? गावात रेंज नसेल तर? एआयचे काय? आणि शाळेतल्या जुन्या बाईंना हे काहीच पटत नसेल तर?"

तुला 'तू'च म्हणते. माझ्यापुढे पहिलीत बसलेल्या मुली आज तुझ्याहून मोठ्या आहेत. २७ वर्षे मी सरकारी मराठी प्राथमिक शाळांत शिकवते आहे. सुरुवात सत्तरी तालुक्यात वाळपईच्या आतल्या गावात झाली, मग काणकोण, आता डिचोली. यातली बहुतेक वर्षे दोन शिक्षिका आणि चार इयत्ता असा संसार होता. काही वर्षे तर मी एकटीच होते. म्हणून जे सांगते ते एका खोलीत पहिली ते चौथी बसवणाऱ्या बाईचे आहे. शहरातल्या मोठ्या शाळेतल्या शिक्षिकेला यातले काही वेगळे वाटेल.

आधी तुझ्या पाठाचे बोलू. मुले गप्प बसली याचे तुला समाधान वाटले. मलाही कित्येक वर्षे वाटत असे. पडद्यावर चित्र हलायला लागले की आठ वर्षांचे मूल आपसूक गप्प होते, त्यात आपल्या शिकवण्याचा काहीच वाटा नसतो. तुझ्या मुलांना त्या तासात करायला काहीच काम नव्हते. चित्रे येत होती, जात होती. एकानेच काम केले. त्याने पडद्यावरची नदी आणि घरामागची नदी शेजारी शेजारी ठेवली, फरक पाहिला आणि कारण विचारले. निरीक्षण, तुलना, प्रश्न. परिसर अभ्यासाच्या पाठटाचणात आपण उद्दिष्टे म्हणून जे लिहितो ते सगळे त्या एका वाक्यात होते. ते तुझ्या लक्षात राहिले आणि तू ते मुद्दाम लिहून पाठवलेस, यावरून मला तुझी फारशी काळजी वाटत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे : आपण शिक्षक यंत्र हातात आले की मुलांना दाखवायला धावतो. मी तुला सांगेन की पहिली काही वर्षे यंत्र मुलांचे ऐकायला वापर. दाखवण्याचेही बोलते, पण आधी हे.

हे मला कोणत्या प्रशिक्षणात कळले नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी काणकोणात होते. वर्गात १९ मुले. घराघरांत फोन एकच, तो वडिलांबरोबर कामावर जायचा नाहीतर दहावीतल्या दादाच्या हातात असायचा. रेंज हवी तर मुलांनी डोंगरावर चढायचे. त्या वर्षी गोव्याच्या आतल्या गावांत सगळीकडेच मुले रेंज शोधत टेकडीवर बसत होती. चार दिवस मी व्हिडिओवर वर्ग घ्यायचा प्रयत्न केला. दोन चेहरे दिसत, तेही अडकलेले. मग सोडून दिले आणि व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवायला लागले. तीन मिनिटांची गोष्ट आणि शेवटी एकच प्रश्न. तीन मिनिटांचा आवाज अर्ध्या एमबीत मावतो, त्याच लांबीच्या व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट डेटा लागतो. वडील संध्याकाळी घरी आले की मूल गोष्ट ऐके, आणि उत्तरही आवाजातच पाठवी.

रात्री अंथरुणावर पडून मी ती उत्तरे ऐकत असे. वर्षभर वर्गात ज्या मुलीचा आवाज मी ऐकला नव्हता, ती दोन-दोन मिनिटे बोलत होती. मागे कोंबडी ओरडते आहे, आजी तिला पुढचा शब्द सांगते आहे. वर्गात १९ मुले एकदम समोर असताना मी कोणाचेच नीट ऐकत नव्हते, हे मला त्या रात्री कळले आणि फार वाईट वाटले.

त्या आवाजांतून मला एक गोष्ट सापडली, ती तुझ्या फार उपयोगाची आहे. आपल्या मुलांच्या घरी कोंकणी, शाळेत मराठी. धाकट्या बहिणीबद्दल बोलताना मुले म्हणायची, "माझी बहीण आले. ते लहान आहे." मी वर्षानुवर्षे अशा वाक्यावर लाल रेघ मारत आले. एकामागून एक अकरा मुलांच्या तोंडून तेच ऐकले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडच्या कोंकणीत लहान मुलीला, धाकट्या बहिणीला नपुंसकलिंगी बोलतात, "तें आयलें" म्हणतात. मूल चुकत नव्हते. घरचे व्याकरण अगदी काटेकोरपणे पाळत होते. "माझ्याकडे पेन्सिल आसा" हेही तसेच. वहीत अशी वाक्ये सुटी सुटी येतात, म्हणून ती चूक वाटतात. आवाजात ती सलग आली की त्यांतला नियम ऐकू येतो. तेव्हापासून माझ्या फळ्यावर दोन रकाने असतात : 'घरचे' आणि 'शाळेचे'. मुले स्वतःच वाक्य एकातून दुसऱ्यात नेतात, आणि लाल रेघ जवळजवळ संपली.

तर पहिले साधन म्हणजे फोनमधला साधा रेकॉर्डर. कसे करायचे ते सांगते. रोज दोन मुले, प्रत्येकी एक मिनिट वाचन. एवढेच. सगळ्यांचे एका दिवशी करायला जाशील तर आठवड्यात कंटाळशील. फोन विमान मोडवर ठेव, नाहीतर नेमका कोणाचा तरी कॉल येतो आणि रेकॉर्डिंग तुटते. वर्गात पंखा चालू असेल तर मुलाला पडवीत घेऊन जा. आधी तारीख आणि मुलाचे नाव आपल्या आवाजात बोल, म्हणजे नंतर फायली शोधत बसावे लागत नाही. जूनमधले वाचन जपून ठेव आणि डिसेंबरमध्ये त्याच मुलाला दोन्ही ऐकव. मी एका मुलाला असे ऐकवले तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "टीचर, तेव्हा मी शब्द तोडत होतो." प्रगतिपुस्तकातली कोणतीही श्रेणी त्याला हे इतके स्पष्ट सांगू शकली नसती. वर्ष संपले की फायली पुसून टाक.

बहुवर्ग शाळेत याच रेकॉर्डरचा दुसरा उपयोग आहे, आणि माझ्या मते प्राथमिक शाळेला तंत्रज्ञानाची खरी मदत इथेच होते. मी पहिलीला अक्षरे देत असताना तिसरी-चौथीने काय करायचे? पूर्वी उत्तर एकच होते, शुद्धलेखन. आता मी रात्री दहा मिनिटे बसून त्यांच्यासाठी माझ्याच आवाजात सूचना भरते. "आता पान उघडा. चित्रात किती माणसे आहेत ते मोजा. मोजून झाले की शेजाऱ्याला सांगा. आता आवाज थांबवा, आणि लिहून झाले की पुन्हा सुरू करा." एक छोटा स्पीकर पडवीत ठेवला की चार-पाच मुलांचा गट वीस मिनिटे मन लावून काम करतो. बाहेरचे तयार व्हिडिओ लावून पाहिले. त्यातल्या ताईचा आवाज गोड असतो, पण 'आता थांबा' म्हटल्यावर ती खरोखर थांबत नाही, आणि आमच्या मुलांना उत्तर द्यायला किती वेळ लागतो हे तिला ठाऊक नसते. तुला ते ठाऊक आहे. म्हणून तुझाच आवाज.

आता दाखवण्याकडे येते. दाखवूच नये असे मी म्हणत नाही. माझी कसोटी साधी आहे : जी गोष्ट मूल शाळेच्या आवारात डोळ्यांनी पाहू शकते ती पडद्यावर दाखवायची नाही. शाळेमागे आंब्याचे झाड असताना पडद्यावर आंबा कशाला? पण फार हळू घडणारे, फार झपाट्याने घडणारे, फार लहान, फार दूरचे असेल तिथे यंत्र घ्यावे. लाजाळूचे पान मिटायला क्षण लागतो, उघडायला दहा-पंधरा मिनिटे. इतका वेळ तिसरीतले मूल टक लावून बसत नाही. फोन विटेला टेकवून ठेवायचा, टाइमलॅप्स लावायचा, मुलांनी तोवर पान उघडायला किती वेळ लागेल याचा अंदाज वहीत लिहायचा, आणि मग दहा सेकंदांत ते उघडताना पाहायचे. अंदाज आधी, चित्र नंतर. हा क्रम उलटा केलास तर पुन्हा तुझ्या चाळीस स्लाइडच होतील.

लहान गोष्टींसाठी सुईच्या टोकाने पाण्याचा बारीक थेंब फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर ठेव. फोन पालथा न करता तसाच आडवा ठेवून पान वरून जवळ धर. पानाच्या शिरा, मुंगीचे पाय असे दिसतात की मुले ओरडतात. याहून पुढे जायचे असेल तर फोल्डस्कोप मिळवता आला तर बघ. स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत जन्मलेला हा कागदी घडीचा सूक्ष्मदर्शक १४० पट मोठे दाखवतो, फोनला जोडता येतो, आणि मुलांच्या हातून पडला तरी काळजाचा ठोका चुकत नाही. माझ्या वर्गाने त्यात पहिल्यांदा पाहिले ते शाळेच्या विहिरीचे पाणी. त्या दिवशी उकळलेले पाणी का प्यायचे हे मला सांगावे लागले नाही.

चौथीच्या अपूर्णांकांसाठी 'फेट' (PhET) या संचातली सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, चांगली आहेत. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये हे काम सुरू केले. पुष्कळ सिम्युलेशन मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. पण आधी भाकरी मोड, कागद दुमड, मग पडदा.

मुलांनी स्वतः यंत्र हाताळावे, असा माझा सगळ्यात आवडता उपक्रम म्हणजे माटोळी. गणेश चवथीच्या आधी घरोघर गणपतीवर माटोळी, म्हणजे फळे-फुले टांगलेली लाकडी चौकट, बांधतात, तिच्यातली रानातली फळे मुलांना दिसतात पण नावे ठाऊक नसतात. मी मुलांना सांगते, घरातल्या मोठ्यांचा फोन मागून घ्या. प्रत्येक फळाचा एक फोटो, आणि आजी किंवा आजोबा त्याचे नाव सांगतात तो आवाज. सुट्टीनंतर वर्गात जमते काय? कवंडळ, नागलकुडो, शेरवड, आंबाडे, सुपारीचा घड, चिबूड. एकाच फळाला दोन वाड्यांत दोन नावे निघतात आणि वाद सुरू होतो. एका वर्षी एका फळाचे नाव कोणालाच सांगता येईना. मग एका मुलीने फोटो घेऊन शेजारच्या आवाठातल्या (वाड्यातल्या) म्हाताऱ्या आजोबांना गाठले. त्यांनी नाव सांगितलेच, वर ते झाड पूर्वी कुठे होते आणि कशासाठी तोडले तेही सांगितले. झाड ओळखणारे एक अॅप आम्ही त्याच फोटोवर लावून पाहिले. त्याने भलत्याच वेलीचे नाव दिले. मुलांना त्यातून कळले की यंत्रालाही विचारायचे असते आणि आजोबांनाही, आणि दोन उत्तरे जुळली नाहीत तर झाडाकडे परत जायचे असते. अशी वर्षे जमली की तुमच्याकडे तुमच्या गावाचा वनस्पतीकोश तयार होतो. तो विकत मिळत नाही.

अक्षरांबद्दल एक गोष्ट, कारण ती कोणी सांगत नाही. तू संगणकावर वर्कशीट किंवा अक्षरकार्डे करशील तेव्हा 'ल' आणि 'श' यांच्याकडे नीट बघ. पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा दंडाचा ल आणि शेंडीचा श येतो. आपण फळ्यावर पाकळीचा ल आणि देठाचा श शिकवतो. मोठ्या माणसाला हा फरक जाणवतही नाही. पण पहिलीतले मूल नुकते अक्षराचे चित्र मनात कोरत असते, त्याला ही दोन वेगळी अक्षरे वाटतात. मराठी वळणाचा फॉन्ट निवड. तसेच 'ऱ्य' टाइप करायला शिकून घे. आपल्या मुलांना दर्या आणि दऱ्या दोन्ही लागतात, आणि कीबोर्डवर ते येत नाही म्हणून दोन्ही 'दर्या' लिहिलेली कार्डे मी पाहिली आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलाला त्यातून काय समजणार?

एआयचे विचारलेस. मी वापरते, माझ्या टेबलावर, मुलांच्या हातात नाही. त्याला सरावाच्या शाब्दिक उदाहरणांचे नमुने मागते : हेच उदाहरण, पण आंब्यांच्या जागी काजूबिया घाल, संख्या वीसच्या आत ठेव. हे काम तो झटपट करतो आणि माझा अर्धा तास वाचतो. पण भाषेत जपून राहा. पहिलीसाठी जोडाक्षर नसलेला पाच वाक्यांचा उतारा मागून बघ. 'मित्र', 'प्रेम', 'पक्षी' हमखास घुसतात. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून तपासायला लागते. आणि आपल्या गावच्या गोष्टी त्याला विचारू नकोस. मी एकदा धालो या आपल्याकडच्या लोकनृत्यावर छोटा उतारा मागितला, तर त्याने पुरुषांना ढोल घेऊन नाचवले. पौषातल्या रात्री मांडावर बायका धालो खेळतात हे आमच्या दुसरीतल्या मुलीही सांगतील. तो उतारा मी फेकून दिला नाही. चौथीला वाचायला दिला आणि सांगितले, यात काय चुकले आहे ते आईला, आजीला विचारून या. दुसऱ्या दिवशी ज्या तावातावाने मुले बोलली, तसा वर्ग मी क्वचित पाहिला आहे. बोलून लिहिणारे टायपिंगही असेच वापरते. आपल्या मुलांचे गोव्याकडचे उच्चार त्याला नीट कळत नाहीत. मूल बोलते, यंत्र भलतेच लिहिते, आणि मग मूल स्वतः खडूने फळ्यावर बरोबर वाक्य लिहिते. यंत्राला दुरुस्त करताना मुलाची मान ताठ होते, ते मला आवडते.

रेंज आणि वीज यांच्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. पावसाळ्यात तारांवर झाड पडणारच. म्हणून वर्गात थेट नेटवर अवलंबून असलेले काहीही ठरवू नकोस. 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक अॅपवरचा मजकूर घरी किंवा तालुक्याच्या गावी उतरवून घे, पॉवर बँक भरून ठेव, आणि प्रत्येक पाठाची वीज गेल्यावरची आवृत्ती पाठटाचणात खाली दोन ओळींत लिही. निरीक्षकांनाही ते आवडते.

शाळेतल्या बाईंबद्दल मात्र थोडे थांबून सांगते, कारण तुझ्या वाक्यात मला किंचित तक्रार ऐकू आली. त्यांच्या जागी उभी राहून बघ. या देशात १९७५-७६ साली 'साइट' प्रयोगात उपग्रहावरून २४०० गावांत दूरदर्शन पोचवले होते, शाळेतल्या मुलांसाठी रोज कार्यक्रम होते. २००४ मध्ये शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट हा उपग्रह सोडला. मधल्या काळात रेडिओ आले, रंगीत टीव्ही आले, संगणक आले. मी ज्या शाळांत काम केले त्यांतल्या एकीत अशी तीन वेगवेगळ्या काळांतली यंत्रे एकाच कपाटात होती. आणून देणारे फोटो काढून गेले, बिघडल्यावर दुरुस्तीला कोणी आले नाही, आणि कपाटाची चावी सांभाळायचे काम बाईंकडे राहिले. आता तू चौथे यंत्र घेऊन आली आहेस. त्यांना पटत नसेल तर त्यामागे अनुभव आहे. त्यांना शिकवायला जाऊ नकोस. त्यांना म्हण, "बाई, तुमच्या फुगडीच्या ओळी मला मुलांसाठी भरून द्याल का?" माझ्या एका सहकारी बाईंनी अशा ओव्या आणि फुगड्यांच्या ओळी भरून दिल्या. त्या निवृत्त झाल्या, पण त्यांचा आवाज आजही पडवीत चालू असतो. नंतर त्या स्वतःच विचारू लागल्या, "गो, हे थांबवायचे कुठून?"

मुलांच्या चेहऱ्यांबद्दल मी कडक आहे. पाठ चालू असताना व्हिडिओ काढायचा, लगेच गावाच्या ग्रुपवर टाकायचा, अशी सवय सगळीकडे लागली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीवर भर आहे. कायद्याचे बारकावे सोडून दे. अडखळत वाचणाऱ्या मुलाचा व्हिडिओ गावभर फिरला तर ते मूल पुन्हा मोठ्याने वाचणार नाही, एवढे कारण मला पुरते. रेकॉर्डिंग मुलाचे, त्याच्या घरचे आणि तुझे. पालकसभेत पहिल्याच दिवशी हे सांगून टाक.

आणखी एक. आपली मुले चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीत बहुतेकांची शाळा इंग्रजी होते. सहावीपासून त्यांना राज्याच्या योजनेत कोडिंग आणि रोबोटिक्स असते. पालक तुला विचारतील, आत्तापासून टॅबवर का शिकवत नाही? मी त्यांना अंगणात बोलावते. खडूने चौकटी आखलेल्या असतात. एक मूल रोबो, दुसरे आज्ञा देणार : दोन चौकटी पुढे, उजवीकडे वळ, खाली वाक, करवंटी उचल. आज्ञा चुकली की रोबो तुळशीवर जाऊन धडकतो आणि सगळे हसतात. पायरीपायरीने नेमके सांगणे म्हणजेच पुढचे कोडिंग, आणि ते मूल आज मराठीत करते आहे. पाचवीत गेल्यावर 'बाष्पीभवन' या शब्दाच्या जागी 'इव्हॅपोरेशन' येईल. तवा तापवून त्यावर शिंपडलेले पाणी कुठे गेले यावर जे मूल वर्गात भांडले असेल, त्याला नवा शब्द फक्त नवा शब्द असेल. ज्याने फक्त अॅनिमेशन पाहिले, त्याला दोन्ही शब्द परके.

आता तुझ्या टिपणाचे. तंत्रज्ञानाचे फायदे-तोटे असे दोन रकाने करू नकोस, ते सगळेच करतात. त्या मुलाच्या प्रश्नापासून सुरुवात कर, आणि तो प्रश्न घेऊन परत त्या वर्गात जा. त्याला सांग, तुझा प्रश्न त्या दिवशी राहिला, आज घेऊ. मग उत्तर देऊ नकोस. नदीचे पाणी काचेच्या बाटलीत भरून आणायला मोठ्यांना सांग, बाटली रात्रभर खिडकीत ठेव. पावसाळ्याचे दिवस असतील तर सकाळी तळाशी तांबडा गाळ बसलेला असेल. आपला जांभा दगड, त्यातले लोह, डोंगरावरून वाहून आलेली माती, सगळे त्या बोटभर थरात आहे. दुसऱ्या बाटलीत तुरटी फिरव आणि किती लवकर निवळते ते बघू दे. फोंड्याच्या आणि तिसवाडीच्या नळांना ओपाच्या ज्या पाणी प्रकल्पातून पाणी जाते, तो त्यांच्याच नदीवर आहे. तिथे पाणी कसे साफ करतात हा प्रश्न आपोआप येईल. तो मोठ्या माणसांबरोबरच्या सहलीचा विषय.

आणि फोन. पुलाच्या कठड्यावर किंवा काठावरच्या एखाद्या दगडावर खडूची खूण कर, आणि दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच वेळी एक फोटो काढ. मुलांना एकटे पाठवायचे नाही, तू किंवा त्याचे वडील बरोबर हवेत. जुलैत पाणी तांबडे असेल, सप्टेंबरात गढूळ, जानेवारीत हिरवट, आणि आभाळ निरभ्र असेल तर एखाद्या दुपारी काठावरून तिरके पाहिले की निळेही दिसेल. तुझ्या स्लाइडमधली नदी अशाच एखाद्या दुपारची असणार, तीही कुठल्या तरी दूरच्या देशातली. सहा-सात फोटो जमले की ते छापून वर्गाच्या भिंतीवर ओळीने लाव. प्रोजेक्टर तेव्हा मागून आणलास तरी चालेल, कारण त्या वेळी बोलायला मुलांकडे काहीतरी असेल.

तुझी इंटर्नशिप तोवर संपलेली असेल. म्हणून हे काम त्या मुलाकडे आणि शाळेतल्या बाईंकडे सोपवून ये. तारखांची वही त्याच्याच हातात दे, आणि पहिला फोटो कधी काढायचा तेही त्यालाच ठरवू दे.